संपकाळात फॅनफिक कशी लिहावी

बेस्टचा, म्हणजे मुंबईच्या बससेवेचा, संप मध्यरात्री सुरू होतो, ही लेखकाच्या दृष्टीने पहिली सोय. २०१९ सालचा तो प्रसिद्ध संप ७ जानेवारीच्या मध्यरात्री सुरू झाला आणि नऊ दिवस चालला. इतका लांबलेला संप बेस्टने त्याआधी पाहिला नव्हता. फॅनफिक, म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्याने रचलेली कथा, लिहिणाऱ्यालाही खरी जाग मध्यरात्रीच येते. तेव्हा पुढचा संप जाहीर झाला की घाबरून जाऊ नका. फोन चार्जिंगला लावा, ऑफिसच्या ग्रुपवर 'बस बंद, आज घरूनच' एवढं टाका, आणि गेले तीन महिने अर्धवट लटकलेलं प्रकरण उघडा. तुमच्या वाचकांनी तेवढे दिवस कळ काढली आहे. पंचवीस लाख प्रवासी थोडे दिवस कळ काढतील.

ज्यांना घरून काम करता येत नाही त्यांचा विचार शक्यतो करू नये, लय तुटते. तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी गोवंडीच्या शिवाजीनगरहून निघतील. बस नाही, शेअर रिक्षावाला संपाचा भाव सांगतोय, म्हणून त्या चेंबूरपर्यंत पायी येतील आणि दारात चप्पल काढताना भिंतीला हात टेकतील. घड्याळाकडे बघून 'आज फार उशीर केलात हो' असं म्हणायला विसरू नका. मग आत जाऊन तो प्रसंग पूर्ण करा, ज्यात रणांगणावरून लंगडत आलेल्या नायकाच्या पायाचे फोड त्याचा जिवलग कोमट पाण्याने धुतो. या प्रकाराला हर्ट-कम्फर्ट म्हणतात. वाचक हमखास रडतात, आणि फोडांचं वर्णन तुम्हाला छान जमतं असं दोघांतिघांनी लिहूनही कळवलं आहे.

घरातली वडीलधारी माणसं विचारतील, 'दुसऱ्याची पात्रं उचलून काय हे लिहीत बसता?' त्यांच्यासाठी उत्तर तयार ठेवा. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला भर सभेत ओळखत नाही म्हणतो तेव्हा त्याला सगळं लख्ख आठवत असतं. लोकलाजेस्तव तो सरळ खोटं बोलतो. कालिदासाला असा नायक परवडणारा नव्हता. त्याने दुर्वासांना आणलं, शाप आणला, अंगठी माशाच्या पोटात घातली आणि राजाला निर्दोष सोडवून घेतलं. हल्ली याला फिक्स-इट फिक म्हणतात. भासाने तर दुर्योधनाची मांडी फुटल्यावर त्याच्या तोंडी असं काही घातलं की बघणाऱ्याने भीमावरच चिडावं. आणि आपले बारामतीचे मोरोपंत! एकाच रामकथेवर त्यांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं निरोष्ठ रामायण ओठाला ओठ न लावता म्हणायचं: प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे रामायण आहे आणि 'राम' म्हणायची सोय नाही. (हे कसब आता कवींकडे उरलेलं नाही. प्रशासनाकडे मात्र आहे. 'पगार' या शब्दाला ओठ न लावता ते चार पानी पत्रक काढू शकतं.)

परदेशी दाखल्याशिवाय घरच्यांचं समाधान होत नसेल तर तोही आहे. स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी आपलं पहिलं कथा-नियतकालिक १९६७ मध्ये हाताने जुळवून काढलं. आणि ज्या आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर तुम्ही रात्री जागवता, त्या अख्ख्या संकेतस्थळाला २०१९ च्या ऑगस्टमध्ये विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत तीस हजारांहून जास्त कर्मचारी कामावर गेले नव्हते. त्यांना मेस्माखाली, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याखाली, कारवाईच्या नोटिसा मिळाल्या. ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे.

आता विषय. संपात लिहिण्यासारखं काय असतं, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. अहो, संप म्हणजे सगळे आवडते साचे एका ठिकाणी, तेही फुकट.

जोडी हवी? बेस्टचा 'क' अर्थसंकल्प आणि महापालिकेचा 'अ' अर्थसंकल्प घ्या. 'क' कायम तोट्यात, कर्जात, महिनाअखेरीला कासावीस. 'अ'च्या नावावर हजारो कोटींच्या ठेवी. कामगार कृती समिती वर्षानुवर्षं म्हणते आहे, यांचं विलीनीकरण करा. २०१९ च्या संपातली ठळक मागणी हीच होती. 'अ'ला 'क' आवडत नाही असं नाही. तो अधूनमधून अनुदान देतो, आगाऊ रक्कम देतो, सभागृहात दोन गोड शब्दही बोलतो. फक्त नाव लावायची वेळ आली की त्याला काहीतरी आठवतं. इतका स्लो बर्न, म्हणजे प्रकरणामागून प्रकरणं रेंगाळणारं प्रेम, तुम्हाला जन्मात जमणार नाही. तुमची माणसं चाळिसाव्या प्रकरणात निदान हात तरी धरतात.

शत्रूंचे प्रेमी होताना बघायचं असेल तर संपाचा दुसरा आठवडा गाठा. प्रशासन म्हणतं आधी संप मागे घ्या, समिती म्हणते आधी लेखी द्या. मग प्रकरण उच्च न्यायालयात जातं. न्यायालय दोघांना एकत्र बसवतं, मध्यस्थ म्हणून निवृत्त न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांना नेमतं. सरायखान्यात एकच पलंग शिल्लक, ही युक्ती तुम्ही किती वेळा वापरलीत? इथे एकच टेबल. तणाव तेवढाच.

आणि मूळ कथेशी पूर्ण फारकत घेणारी समांतर विश्वाची कथा हवी असेल, तर करार वाचा. संपानंतर काही महिन्यांनी, २०१९ च्या जूनमध्ये झालेल्या सामंजस्य करारात बेस्टचा स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राहील, असं लिहिलेलं आहे. आकडा बघा, ३,३३७. गोळाबेरीज नाही, कल्पनाशक्तीत शिस्त आहे. त्यानंतर स्वतःच्या गाड्या भंगारात जात राहिल्या, कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्या येत राहिल्या, आणि ३,३३७ गाड्या त्या दुसऱ्या विश्वात आजही वेळेवर धावत आहेत. आपल्या विश्वातल्या प्रवाशाला त्याच जुलैत किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपये करून मिळालं. तो इतका खूश झाला की पुढचं प्रकरण त्याने वाचलंच नाही. २०२५ च्या मे महिन्यात तेच भाडं १० रुपये झालं तेव्हा त्याला कथानक अचानक वळल्यासारखं वाटलं.

योगायोग जरा जास्तच वाटतील याची तयारी ठेवा. बेस्ट महापालिकेकडे आली ती ७ ऑगस्ट १९४७ ला. बरोबर सत्तर वर्षांनी, ७ ऑगस्ट २०१७ ला, ऐन राखीपौर्णिमेच्या दिवशी बेस्टचे कर्मचारी संपावर गेले. मागणी काय, तर पगार वेळेवर द्या. वाढवा नव्हे, वेळेवर द्या. हे तुम्ही लिहिलं असतं तर वाचकांनी अतिरंजित म्हणून सोडून दिलं असतं.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. सर्वांत महत्त्वाचा नियम आता सांगतो, तो मात्र मोडू नका: संपकऱ्याला बॅकस्टोरी देऊ नये.

खलनायकाला द्या. त्याने तीन राज्यं जाळली तरी त्याच्या आईने त्याला लहानपणी कधी कुशीत घेतलं नव्हतं, हे तुम्ही ऐंशी हजार शब्दांत सिद्ध केलं आहे आणि ते आम्हाला पटलं आहे. दुसऱ्या भागात अडीच मिनिटं दिसणाऱ्या पहारेकऱ्याला तुम्ही नाव दिलंत, बहीण दिलीत, पावसाची भीती दिलीत. ती उदारता तिथेच राहू द्या. बसचा कंडक्टर हा पार्श्वभूमीचा भाग आहे. त्याने 'पुढे चला, पुढे सरका' म्हणायचं, डबल बेल द्यायची आणि पान उलटताना नाहीसं व्हायचं. तो संपावर गेला की त्याच्यासाठी एकच वाक्य आहे, 'माजलेत हे लोक', आणि त्याला हेतू, भूतकाळ वगैरे काही लागत नाही.

कारण एकदा चौकशी सुरू केली की थांबता येत नाही. एकाच डेपोत, एकाच रूटवर, सारख्याच खाकीत दोन कंडक्टर असतात. एक २००७ च्या आधी लागलेला, दुसरा नंतर. काम तेच, उभं राहणं तेच, सुट्ट्या पैशांवरून खाल्लेल्या शिव्या त्याच, वेतनश्रेणी वेगळी. नंतरच्यांनाही ७,३९० रुपयांपासून सुरू होणाऱ्या मास्टर ग्रेडमध्ये धरा, एवढी त्या संपातली दुसरी मोठी मागणी होती. हे कळलं की पुढचं दिसायला लागतं. स्प्रेडओव्हर ड्युटी, म्हणजे सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, आणि मधली दुपार डेपोच्या बाकावर. घर कसाऱ्याला असेल तर जाऊन येणार कसं? रात्री काउंटरवर रोकड भरताना नाण्यांनी काळी पडलेली बोटं, वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या नोंदीच्या कागदाशी, हिशेब जुळत नाही, आणि कमी पडलेले पैसे स्वतःच्या खिशातून. संपाच्या दिवसांत वसाहतीतल्या घरांवर घर खाली करण्याच्या नोटिसा आल्या तेव्हा बायका मुलांना घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. बघा, पात्र गोल व्हायला लागलं! गोल पात्राला दोन ओळींत शिव्या घालता येत नाहीत. टॅब ताबडतोब बंद करा.

भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर तर त्याहून सोयीचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये या ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं तेव्हा बस लाल होती, थांबा बेस्टचा होता, तिकीट बेस्टचं होतं, पण माणूस बेस्टचा नव्हता. तो कंत्राटदाराचा. तुमच्या परिभाषेत ओसी, मूळ कथेत ज्याचा उल्लेखच नाही असं उपरं पात्र. अशा पात्रांवर वाचक पहिल्यापासून चिडून असतात, त्यामुळे तुम्हाला वेगळे कष्ट नाहीत.

प्रकरण टाकताना टॅग नीट लावा. 'पार्श्वभूमीला संप' एवढं पुरे. 'वेतनकरार' असा टॅग लावलात तर कुणी फिरकणार नाही. खाली लेखकाची टीप असते, तिथे उशिराबद्दल क्षमा मागून 'शहरात बस नव्हत्या, फार हाल झाले' असं लिहा. तुम्ही उंबरा ओलांडलेला नाही हे कुणाला कळत नाही. दहा मिनिटांत प्रतिक्रिया यायला लागतील. 'काळजी घे.' 'पाणी पीत राहा.' 'या संपवाल्यांना काही वाटतं का?' त्यातच एक असेल: 'फोड धुतानाचा प्रसंग चार वेळा वाचला. आमच्याकडे सगळेच जागे आहेत, बाबा संपावर आहेत आणि आज घराची नोटीस आली. पुढचं प्रकरण कधी?'

इथे फार लिहीत बसू नये. एक लाल हृदय टाका आणि म्हणा, 'थँक यू गं! गुरुवारी नक्की.'