फिटरला मुख्यमंत्री कोणी केलं?

शनिवारी सिडनीच्या हॅरिस पार्कात चहाच्या दुकानाबाहेर आमचा कट्टा भरतो. परवा बाळ्याने जाहीर केलं, "न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेला उभा राहतोय." बाळ्या इलेक्ट्रिशियन. स्वतःची व्हॅन, स्वतःचा धंदा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"राहा की. डिपॉझिट घालवायला कोण अडवतंय?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, इथे बॉयलरमेकर, म्हणजे बॉयलर बनवणारे कामगार, मुख्यमंत्री झालेत. 1910 मध्ये मॅकगोवेन, 1941 मध्ये मॅकेल. हातात पाना धरणारा माणूस लोकांना आपला वाटतो."

"मॅकेल सिडनीतल्या रेडफर्न मतदारसंघातून पहिल्यांदा निवडून आला 1917 मध्ये. पाडलं कुणाला? त्याच मॅकगोवेनला! पाना तर दोघांच्याही हातात होता."

बाळ्या गप्प. पहिल्या महायुद्धात मॅकगोवेनने सक्तीच्या सैन्यभरतीची बाजू घेतली, युनियनांच्या लेबर पक्षाने त्याला काढलं, आणि तिकीट मिळालं युनियनमध्ये मुरलेल्या पंचविशीतल्या मॅकेलला.

"आणि केहिल?" सुमी सरसावली. "सिडनीतल्या एव्हलीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. हो, तेच, जिथे आता कॅरेजवर्क्सचा शनिवारचा बाजार भरतो. 1917 मध्ये साहेबांनी कार्डं आणली, कुणाला कुठल्या कामाला किती वेळ लागला ते टिपायला. संप पेटला, पसरला आणि फसला. केहिलची नोकरी गेली. 1925 मध्ये तो आमदार, 1952 मध्ये मुख्यमंत्री. ऑपेरा हाउसचा हट्ट त्याचाच, पैशासाठी लॉटरीसुद्धा काढली. त्याला राजकारणात साहेबांनीच ढकललं."

"ढकललं साहेबांनी, झेललं युनियनने. संपात भरडलेले हजारो होते. बाकीच्यांची नावं सांग."

इथे मी अण्णांच्या बाजूने. केहिलच्या आजूबाजूला एकाच छपराखाली, एकाच कार्डावर चिडलेले शेकडो जण होते. आज ऑस्ट्रेलियात आठांतला जेमतेम एक कामगार युनियनमध्ये आहे. बाळ्याचं भांडण पैसे थकवणाऱ्या बिल्डरशी, आणि ते तो व्हॅनमध्ये बसून एकटाच फोनवर भांडतो. त्याला तिकीट देणार कोण?

"मग अपक्ष राहतो," बाळ्या म्हणाला. "इथल्या निम्म्या घरांच्या स्विचबोर्डात हात घातलाय मी. सगळे नावाने ओळखतात."

"त्यातले नागरिक किती? व्हिसावाल्यांना मत नसतं, बाळ्या."

बाळ्या बोटं मोजायला लागला. पहिल्या हातावरच अडला.