मुठीत इस्त्री धरून गड चढणाऱ्यांसाठी

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदाही आलाय. "लष्करी दर्जाची मिनी टॉर्च. १,००,००० लुमेन! २ किलोमीटर झोत! ९९०० एमएएचचा सेल, फुल उजेडात १२ तास. वॉटरप्रूफ. दिवसासारखा पांढराशुभ्र प्रकाश, धुकं चिरून जाते. नाईट ट्रेकला ही एकच पुरे, बाकी सगळी खेळणी." खाली चारशे-साडेचारशेची किंमत, आणि त्याखाली "घेतली, जबरदस्त आहे" म्हणणारे दोन-तीन अंगठे.

किमतीशी माझं भांडण नाही. चारशे रुपयांतही कामाची बॅटरी मिळते. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. इथेही तसंच समजा.) भांडण आकड्यांशी आहे, कारण त्या आकड्यांच्या भरवशावर कुणीतरी रात्री दोन वाजता कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर उभं राहणार आहे.

आधी तो लाख. लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड, सगळ्या दिशांचा मिळून. चांगल्या एलईडीच्या बॅटरीत भिंग, काच, सर्किट यांचा तोटा धरून एका वॅटला १२० लुमेन मिळाले तरी उत्तम म्हणायचं. म्हणजे एक लाख लुमेनला साधारण ८३० वॅट लागतील. घरातली इस्त्री तेवढीच वीज खाते. बरं, उद्या कुणी जगातला सर्वांत भारी एलईडी बनवला असं धरू. पांढऱ्या प्रकाशाची मर्यादाच वॅटमागे तीनशे-साडेतीनशे लुमेनच्या आसपास आहे. तरीही तीनशे वॅट लागतातच. खिशातल्या बॅटरीत एक १८६५० सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. पूर्ण चार्ज केलेल्या चांगल्या सेलमध्ये साडेबारा वॅट-तास असतात, म्हणजे साडेबारा वॅट तासभर पुरतील एवढी वीज. सेलने तेवढा करंट दिला असं मानलं (तो देत नाही), तरी ८३० वॅटने लाख लुमेनचा खेळ मिनिटाच्या आत आटोपेल. आणि त्या मिनिटात उजेड न झालेल्या विजेची उष्णता तुमच्या मुठीत.

लाख लुमेनच्या बॅटऱ्या जगात नाहीतच असं नाही. इमॅलेंट कंपनीची एमएस१८ आहे. १८ एलईडी, आत पंखे, वजन जवळपास दोन किलो, आणि पूर्ण तेजाने तीही मिनिटभरच चालते, मग स्वतःहून उजेड उतरवते. ती सॅकच्या बाजूच्या कप्प्यात घालून रतनगड चढून दाखवा.

फॉरवर्डमधली बॅटरी मग देते किती? एका सेलच्या साध्या झूमवाल्या बॅटरीतून काहीशे लुमेन निघाले तरी माझी तक्रार नाही. गाडीच्या जुन्या एच४ हॅलोजन बल्बचा लो बीम हजार लुमेनचा असतो, आणि त्यावर लोकांनी रात्रीचे घाट उतरलेत. पायवाटेला काहीशे पुष्कळ झाले.

"फुल उजेडात १२ तास." हा दावा आधीच्या दाव्याशीच भांडतो. साडेबारा वॅट-तास बारा तासांवर पसरले की वॅटभर उरतो, म्हणजे सव्वाशे लुमेन. गंमत अशी की सव्वाशे लुमेन सलग बारा तास खरोखर मिळाले, तर तीच नाईट ट्रेकची आदर्श बॅटरी. पण ती जाहिरात कोण फॉरवर्ड करणार?

इथे नावाजलेल्या कंपन्यांनाही सोडत नाही. त्यांच्या खोक्यावर एएनएसआय एफएल१ या मानकाचे आकडे असतात. हे अमेरिकन मानक २००९ साली आलं. त्यात लुमेन बॅटरी लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या दरम्यान मोजतात, आणि 'रनटाइम' म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणून "१००० लुमेन, ४ तास" हे नियमात बसतं, जरी हजार लुमेन पाचच मिनिटं टिकले आणि बाकी वेळ साडेतीनशेवर चाललं. अंग तापलं की सर्किट उजेड उतरवतं आणि ते उतरवायलाच हवं. फक्त खोक्यावर उजेडाचा आलेख छापला असेल तर तो बघा. सपाट रेघ पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत असेल तर ठीक. पहिल्या मिनिटापासून घसरगुंडी असेल, तर सर्किटच्या नावाने आत फारसं काही नाही.

९९०० एमएएचबद्दल दोनच वाक्यं. १८६५० आकाराचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो, त्याहून जाड २१७०० सेल सहसा पाच हजारांचा असतो. शंका असेल तर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सेल ठेवा: खरा १८६५० पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो, पंचवीस-तीस भरला तर समजून जा.

आता "२ किलोमीटर झोत". हा मला सगळ्यांत आवडलेला दावा, कारण तो घरच्या घरी तपासता येतो. झोत किती लांब जातो ते लुमेनवर नाही, कँडेलावर ठरतं, म्हणजे एका दिशेला उजेड किती एकवटलाय त्यावर. मानकात झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ती जागा. (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप.) पाव लक्स म्हणजे मोकळ्या माळावरचं पौर्णिमेचं चांदणं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून दोन किलोमीटरसाठी दहा लाख कँडेला लागतात. त्यासाठी रुंद तोंडाचा आरसा किंवा भिंग लागतं. अंगठ्याएवढ्या तोंडातून ते निघत नाही.

रात्री गच्चीवर बॅटरीपासून पाच मीटरवर मोबाइल ठेवा आणि लक्स मोजणाऱ्या ॲपमध्ये झोताच्या मध्याचा आकडा बघा. त्याला २५ ने गुणलं की कँडेला. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमधलं अंतर. समजा ४०० लक्स आले: दहा हजार कँडेला, २०० मीटर. दोन किलोमीटरवाल्या बॅटरीने पाच मीटरवर ४०,००० लक्स दाखवायला हवेत. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं, म्हणजे बॅटरीने गच्चीवर निम्मी दुपार केली पाहिजे. मोबाइलचा सेन्सर काटेकोर नसतो हे खरं, पण दोनशे आणि दोन हजारांतला फरक त्यालाही कळतो.

शिवाय ते २०० मीटरही कागदावरचे. तिथे चांदण्याएवढाच उजेड पोचतो, आणि तो कातळावर आपटून तुमच्या डोळ्यापर्यंत परत यायचा असतो. वाट ओळखायला निम्मं-पाऊण अंतर सोडूनच द्या. झूमवाल्या बॅटऱ्यांत झोत आवळला की समोर एलईडीचाच चौकोन पडतो, आणि बराचसा उजेड नळीच्या आतच मरतो. दूरचा बुरूज दिसतो, पायाखालचा धोंडा दिसत नाही.

धुक्याचा दावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुलैमध्ये एकदा राजगडावरून उतरताना आमच्यातल्या एकाने असलीच एक बॅटरी काढली आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. त्याने झोत आवळला, भिंत आणखी पांढरी झाली. धुक्याचे थेंब उजेड परत डोळ्यात फेकतात. जितका उजेड जास्त आणि डोळ्याच्या जितका जवळ, तितकी भिंत जाड. म्हणून धुक्यात कपाळावरची हेडटॉर्च सर्वांत वाईट. ती हातात घेऊन कमरेच्या, जमलं तर गुडघ्याच्या उंचीवर धरायची, उजेड कमी करायचा आणि पायापुढच्या चार पावलांवर मारायचा. आम्ही तसंच उतरलो, साध्या हेडटॉर्चच्या मधल्या मोडवर. त्या जबरदस्त बॅटरीचा दिवा तोवर विडीच्या टोकाइतका मंद झाला होता.

जाता जाता, "पिवळा उजेड धुकं फाडतो" हेही फारसं खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यांना निळा-पिवळा सारखाच. पिवळट उजेड घ्यावा तो वेगळ्या कारणासाठी. फॉरवर्डमध्ये मिरवलेला पांढराशुभ्र प्रकाश बहुधा ६५०० केल्व्हिनचा निळसर असतो आणि त्यात लाल-तपकिरी रंग मरतात. पाचोळा, माती, मुरूम सगळं राखाडी. त्याच पाचोळ्यात फुरसं बसलेलं असेल तर त्याची तपकिरी नक्षी त्या राखेतच मिसळते. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) नव्वदच्या वर आणि रंग चार-पाच हजार केल्व्हिन, अशी बॅटरी घेतली तर लुमेन थोडे कमी मिळतात, पण माती मातीसारखी दिसते. मी ते लुमेन आनंदाने सोडतो.

लष्करी दर्जा म्हणजे बहुतेक वेळा ॲल्युमिनियमवरचा कडक थर. त्याला अमेरिकन लष्करी मानक आहे आणि ते फक्त थरापुरतंच. वॉटरप्रूफ शब्दाऐवजी आयपीएक्स आकडा विचारा: ४ म्हणजे शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुढेमागे सरकणाऱ्या झूमच्या तोंडातून हवा आतबाहेर होते, आणि आपल्याकडच्या पावसात हवेबरोबर काय आत जातं ते सांगायला नको.

राहिलं "एकच पुरे". शिडीला दोन हात लागतात, तेव्हा हेडटॉर्च हवीच. तिच्या जोडीला एक सेलची छोटी बॅटरी, आणि एक जादा सेल प्लास्टिकच्या डबीत. डबीत अशासाठी की सुटा सेल खिशात किल्ल्यांना लागला तर शॉर्ट होतो. जोरकस बॅटरी सॅकमध्ये आपोआप लागली तर कपडा करपतो, म्हणून मागची टोपी पाव आटा सैल करून ठेवायची. आणि मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाणार असाल तर ती सैलच राहू द्या, तिथे उजेड पाडणं हा माझ्या लेखी गुन्हाच.

फॉरवर्डच्या तळाशी "एसओएस मोड" असंही लिहिलंय. डोंगरात मदत मागायची खूण त्याहून सोपी आहे आणि बटण दाबून हातानेच देता येते: मिनिटाला ६ वेळा उजेड, मग एक मिनिट अंधार, पुन्हा ६. समोरच्या धारेवर कुणी असा उजेड दाखवताना दिसला, तर उत्तर म्हणून मिनिटाला ३ वेळा दाखवायचं, ती जागा नीट हेरून ठेवायची आणि खालच्या गावात कळवायचं.