इटलीच्या 'कवींच्या वाटेने' सहलीला मिळालेल्या दोन ताऱ्यांबद्दल

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायकोने लॅपटॉप मिटला आणि "उद्या लिहा" म्हणाली. बरं केलं तिने. आज ऑफिसात आमचंच माहितीपत्रक शेजारी ठेवून तुमचं म्हणणं पुन्हा वाचलं, तेव्हा त्यातलं बरंच खरं आहे हे कबूल करावं लागलं. सगळं मात्र नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ताई आणि त्यांच्या सासूबाई मे महिन्यात आमच्याबरोबर व्हेनिस ते रोम अशा ११ दिवसांच्या सहलीला आल्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वी इटलीत राहिलेल्या कीट्स, शेली आणि बायरन या इंग्रज कवींच्या वाटेने जाणारी ही सहल. त्यांची तक्रार अशी: इटली दाखवतो म्हणून नेलं आणि थडगी दाखवली. पिसात मनोऱ्यापाशी २५ मिनिटं आणि एका सरकारी कचेरीसमोर पाऊण तास. समुद्राकाठचं घर नुसतं रस्त्यावरून दाखवलं. भर जेवणात प्रेत जाळण्याच्या गोष्टी सांगितल्या. रोममधलं संग्रहालय धड पाहू दिलं नाही, सासूबाईंना पायऱ्यांवर टेकू दिलं नाही. आणि पिसातलं जेवण.

आमच्या चुकीपासूनच सुरुवात करतो. रोममधलं कीट्सचं घर, म्हणजे स्पॅनिश पायऱ्यांना लागून असलेलं २६ नंबरचं, दुपारी एक वाजता जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं. हे मला माहीत होतं. तरी मी त्या दिवशी सकाळी व्हिला बोर्गेसे घुसडलं, तिथे उशीर झाला आणि तुम्ही सगळे बारा पस्तीसला जिन्याशी पोहोचलात. त्या खोलीसाठी दहा दिवस वाट पाहिली आणि हातात आली २५ मिनिटं, हे तुम्ही लिहिलंय ते मला लागलं. टूर लीडरचा यात काही दोष नाही, वेळापत्रक मी बांधलं होतं. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे १४ही जणांना परत करतोय, या आठवड्यात खात्यात जमा होतील. पुढच्या तुकडीला सकाळी दहाला त्या दारात उभं करणार, बाकी सगळं नंतर.

कारण त्या खोलीत घाई करून चालतच नाही. खोली केवढी, तर आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या माजघराएवढी. तुम्ही लिहिलंत, "आत बघण्यासारखं काहीच नाही, पलंगसुद्धा खरा नाही." बरोबर आहे, नाहीच खरा. २३ फेब्रुवारी १८२१ला कीट्स तिथे क्षयाने गेला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. क्षयाच्या रोग्याच्या खोलीतलं सामान जाळायचं असा तेव्हा रोममध्ये कायदा होता, म्हणून सगळं सामान जाळून टाकलं. उरलं काय? डोक्यावरचं छत. निळसर चौकोनांत पांढरी फुलं असलेलं ते छत त्याच्याच वेळचं आहे, आणि शेवटचे कित्येक आठवडे आडव्या पडलेल्या त्या पोराला दिसत होतं ते तेवढंच. शिवाय खिडकीखालच्या होडीच्या आकाराच्या कारंज्याचा आवाज. ते कारंजंही तेच. टूर लीडर सगळ्यांना "वर बघा" म्हणत होता तो यासाठी. पण मागे रखवालदार किल्ल्या वाजवत असताना वर कोण बघणार, हेही मला कळतं.

आता पायऱ्या. सासूबाईंना तिथून उठवलं याचं वाईट वाटतं, पण उठवलं नसतं तर पोलिसाने उठवलं असतं आणि वर दंड घेतला असता. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९पासून बंदी आहे, दंड २५० युरोंपासून पुढे. आमच्या टूर लीडरने ते जरा चढ्या आवाजात सांगितलं असं तुम्ही म्हणता. त्याला विचारलं, तो नाही म्हणाला नाही. सासूबाईंची माफी त्याने फोनवर मागितली आहे, माझीही इथे मागतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पुढच्या वेळी घडीचं स्टूल बरोबर ठेवू. तेही पायऱ्यांवर चालेल का, ते मात्र विचारून घ्यावं लागेल.

पिसाच्या जेवणाबद्दलची तुमची तक्रार मला मान्य आहे. मी स्वतः नोव्हेंबरात तिथे जेवलो होतो तेव्हा बरं होतं. मधे आचारी बदलला असावा. ते ठिकाण यादीतून काढलं. तुम्हाला एक सांगू का, त्याच २६ नंबरमध्ये कीट्सला खानावळीतून डबा येत असे आणि तो भयंकर असे. एके दिवशी त्याने आलेलं जेवण, म्हणजे फ्लॉवर, मॅकरोनी सगळं, एकेक भांडं खिडकीतून खाली रिकामं केलं आणि हमालाला हसतमुखाने टोपली परत नेऊ दिली. थोड्याच वेळात उत्तम जेवण आलं, आणि पुढेही येत राहिलं. बरोबर असलेल्या सेव्हर्न नावाच्या चित्रकार मित्राने हे लिहून ठेवलंय. तुम्ही तेच केलंत, फक्त खिडकीऐवजी गूगलवरून.

पिसातल्या त्या "सरकारी कचेरी"बद्दल मात्र मी माघार घेणार नाही.

आज तिथे सरकारी दफ्तरखाना आहे हे खरं. पण १८२१च्या नोव्हेंबरात तो वाडा बायरनने भाड्याने घेतला होता. आधी तो राव्हेन्नात होता, तिथे त्याच्या घरात दहा घोडे, आठ दांडगे कुत्रे, तीन माकडं, पाच मांजरं, एक गरुड, एक कावळा आणि एक ससाणा होता, आणि घोडे सोडून बाकीची सगळी मंडळी घरभर मालकासारखी फिरत, असं शेलीने पत्रात कळवलंय. शेली पिसात नदीच्या पलीकडच्या काठावर राहायचा. १८२२च्या उन्हाळ्यात ली हंट हा त्यांचा मित्र बायकापोरांसह इंग्लंडहून आला, तिघांनी मिळून एक नियतकालिक काढायचं ठरलं होतं. शेली त्याला आणायला समुद्रमार्गे लिव्होर्नोला गेला, तिथून सगळ्यांना या वाड्यावर आणलं, खालच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड लावून दिलं. आणि ते काम उरकून ८ जुलैला लिव्होर्नोहून आपल्या होडीतून घरी, म्हणजे त्या उन्हाळ्यात घेतलेल्या सान तेरेंत्सोच्या समुद्राकाठच्या घरी निघाला. दुपारी वादळ आलं. तो, एडवर्ड विल्यम्स आणि एक पोरसवदा खलाशी, तिघंही बुडाले. शेली तेव्हा २९ वर्षांचा होता.

म्हणजे ज्या दारासमोर तुम्ही उन्हात पाऊण तास उभ्या होतात, तिथून मित्राचं बिऱ्हाड लावून निघालेला माणूस पुन्हा घरी पोहोचला नाही. मनोरा बघायला वर्षाला लाखो लोक येतात, त्याला आमची गरज नाही. तरी ऊन होतं, सावली नव्हती, हे मान्य. नदीच्या कठड्यापाशी सकाळी साडेआठला उभं राहिलं तर तीच गोष्ट सुखाने ऐकता येईल.

आता समुद्राकाठचं घर, सान तेरेंत्सोचं. ते खाजगी आहे, आत जाता येत नाही, आणि माहितीपत्रकात मात्र "शेलीच्या घराला भेट" असं छापलंय. "भेट" हा शब्द चुकला. "बाहेरून दर्शन" असं हवं होतं, आणि नव्या पत्रकात तसंच छापतोय. पण त्या कमानींसमोर टूर लीडर काय सांगत होता ते तुम्ही अभिप्रायात लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो. आज पुढ्यात जो रस्ता आहे तो तेव्हा नव्हता, समुद्र थेट कमानींपर्यंत यायचा. १८२२च्या जूनमध्ये शेलीची बायको मेरी हिचा तिथे गर्भपात झाला आणि रक्त थांबेना. डॉक्टर येईपर्यंत शेलीने तिला बर्फाच्या पाण्यात बसवलं, म्हणून ती वाचली. तीन आठवडे जेमतेम झाले आणि याच गच्चीवरून ती त्याच्या होडीची वाट बघत होती. त्याआधीच तिची दोन मुलं इटलीत गेली होती: लहानगी क्लारा १८१८ला व्हेनिसमध्ये, तीन वर्षांचा विल्यम १८१९ला रोममध्ये.

तिथेच तुमच्या जेवणाच्या वेळच्या तक्रारीचं मूळ आहे. व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर शेलीचं प्रेत वाहून आलं. साथीच्या धाकाने समुद्रातून आलेलं प्रेत चुना टाकून किनाऱ्यावरच पुरायचं असा तिथला नियम. मग परवानगी काढून १६ ऑगस्टला वाळूतच दहन केलं, त्यात दारू, तेल, मीठ, धूप टाकला. आपल्याला दहनाचं काय नवल, पण त्या काळच्या इंग्रजाला ते पुराणातल्या ग्रीकांसारखं वाटलं. हंट बग्गीतून उतरलाच नाही. बायरन पोहत आपल्या जहाजाकडे निघून गेला. या दहनाच्या प्रसिद्ध चित्रात मेरी वाळूत गुडघे टेकून बसलेली दिसते. ते चित्र १८८९चं आहे आणि ती तिथे नव्हतीच. हे सगळं ऐकण्यासारखं आहे, पण समोर पास्ता असताना नाही. तुमचं शंभर टक्के बरोबर. हृदय जळलं नाही वगैरे तपशील आता बसमध्ये, आणि तेही जेवणानंतर दोन तासांनी.

मधेच एक: पोर्तोव्हेनेरेला "बायरन इथून पोहत गेला" अशी पाटी आहे आणि आमचा लीडर म्हणतो तसा पुरावा नाही, मग पाटी खोटी का, असं तुम्ही विचारलंत. पाटी गावाची आहे, पुरावा लीडरने शोधला आणि त्याला सापडला नाही. बायरन व्हेनिसला लिडोपासून ग्रँड कनालच्या टोकापर्यंत पोहला होता हे मात्र पक्कं. आमच्या लीडरने लोकप्रिय गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या नाहीत, याबद्दल मी त्याला पगारवाढ देईन म्हणतो.

आणि थडगी. तुम्ही "तीन स्मशानं" लिहिलंत. मी मोजली, एकच आहे, रोममधल्या जुन्या पिरॅमिडशेजारचं, कीट्सला पुरलंय ते. पण भावना पोहोचली. खरी चूक माझी ही, की आमच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर सूर्यफुलांचं शेत आहे आणि वाईनचा पेला. ते बघून कोणालाही वाटेल की कवी मंडळी इटलीत हवापालटाला गेली होती. कीट्स गेला तो मरणाच्या दारात, आणि नेपल्सला पोहोचल्यावर साथीच्या संशयावरून दहा दिवस जहाजातच अडकला. ३१ ऑक्टोबर १८२०ला, पंचविसाव्या वाढदिवशी त्याला उतरू दिलं. शेलीच्या मागे कर्ज आणि मुलांचा ताबा न देणारं कोर्ट. बायरनच्या मागे बदनामी. त्यांच्या वाटेने जायचं तर वाट तिथेच जाते. हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. सूर्यफुलं काढतोय.

कीट्सच्या दगडावर नाव नाही, "ज्याचं नाव पाण्यावर लिहिलं होतं असा एक जण इथे आहे" एवढंच त्याला हवं होतं. मित्रांनी वर शत्रूंच्या दुष्टाव्याचं लांबण लावलं. १८१८ला लंडनच्या एका त्रैमासिकाने त्याच्या कवितेची चामडी लोळवली होती, त्याच धक्क्याने तो गेला अशी शेलीची समजूत. बायरनला त्याचं हसू आलं: लेखाने कुठे माणूस विझतो का! मी बायरनच्या बाजूचा आहे, तेव्हा तुमच्या दोन ताऱ्यांची फार काळजी करू नका.

पैशांचं: संग्रहालयाचा अर्धा दिवस आणि पिसातलं ते जेवण, दोन्हींची रक्कम ताई आणि सासूबाई यांच्या वेगवेगळ्या नोंदीप्रमाणे येईल. हॉटेलला लिफ्ट नव्हती त्याबद्दलही बोलणं चालू आहे. तिथून काही मिळालं तर कळवतो, नाही मिळालं तरी कळवतो.

अजून एक राहिलं. सासूबाईंची करड्या काठाची शाल विमानतळावरच्या बसमध्ये सापडली. ती इथे ऑफिसात आहे, घडी करून ठेवली आहे. कुरिअर करू की तुम्ही पुण्याला याल तेव्हा नेता, तेवढं फोन करून सांगा.