साडेसहाचा गारठा, हळदीकुंकू आणि बंद दार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांच्या निवासी संकुलांमधल्या हिवाळी उपक्रमांवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिच्यातले बरेचसे मला मान्य आहे, आणि जे मान्य नाही ते घाईने लिहिण्यासारखे नाही, म्हणून उत्तराला आठवडा लागला. इतर वाचकांसाठी आपल्या प्रतिक्रियेचा आशय थोडक्यात सांगते. आपल्या ८१ वर्षांच्या आई पुण्यातल्या अशाच एका संकुलात राहतात. डिसेंबरात त्यांना पहाटे साडेसहाच्या व्यायामवर्गाला आग्रह करकरून नेले जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दार लावून खोलीत बसून राहिल्या. आणि रंग भरण्यासाठी चित्राचा कागद समोर आला तेव्हा ‘मला बालवाडीत घातलंय का?’ असे त्यांनी आपल्याला फोनवर विचारले. हे सारे परगावच्या मुलांना फोटो पाठवता यावेत म्हणून चालते, त्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना निवांत राहू द्यावे, असे आपण लिहिले आहे.

वेळेबाबतची चूक माझीच आहे. ‘सकाळी मोकळ्या हवेत फेरी’ एवढेच मी लिहिले आणि ती किती वाजता घ्यावी हे सांगितले नाही. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला बाहेर अंधार असतो, फरशी दवाने निसरडी झालेली असते, आणि थंड हवा रात्रभर जमिनीलगत साचून राहिल्यामुळे शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूरही तिथेच रेंगाळत असतो. गारठ्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. उतारवयात अंगाची ऊब टिकवण्याची ताकदही कमी झालेली असते. हृदयविकार किंवा दमा असलेल्या माणसाला अशा वेळी उठवून अंगणात उभे करणे धोक्याचे आहे. लेखात आता ‘साडेनऊच्या आधी नको’ असे स्पष्ट लिहिले आहे.

त्याच परिच्छेदात कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते असेही मी लिहून गेले होते, तेही काढले आहे. त्यासाठी लागणारे किरण सूर्य चांगला वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात, आणि वय वाढले की त्वचेची ते जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता घटते. सकाळच्या उन्हात बसावे ते उबेसाठी आणि चार माणसे भेटतात म्हणून. ड जीवनसत्त्वाचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

हळदीकुंकवाबद्दल आपण जे लिहिले ते वाचून मला फार वाईट वाटले, कारण अशा संकुलांमध्ये पतीच्या मागे एकट्या राहणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा तो काळ त्यांना आपण बाजूला काढले गेल्याची आठवण रोज करून देतो. ‘विधवांनीसुद्धा यावे’ अशी सूचना फलकावर लावली की प्रश्न मिटतो, असे मला वाटत नाही. त्या ‘सुद्धा’ने जखम पुन्हा उघडी पडते; शिवाय ज्यांनी चाळीस वर्षे तो नियम पाळला, त्यांना अचानक सर्वांसमोर कुंकवाची कोयरी पुढे करणे हीसुद्धा एक जबरदस्तीच ठरते. मी ज्या संकुलात दर गुरुवारी जाते तिथे रहिवाशांनीच तीन वर्षांपूर्वी त्या दिवसाला तिळगूळ-भेट असे नाव दिले, पुरुषांनाही बोलावले आणि प्रत्येकाला वाण म्हणून तळव्यांना रबरी ठिपके असलेले लोकरी पायमोजे दिले. ज्यांना आपसात हळदीकुंकू करायचे त्या आपापल्या खोलीत करतात.

बालवाडीचा आक्षेप मात्र मला अर्धाच पटतो. रंगवायच्या चित्रांबद्दल आपल्या आईंचे म्हणणे रास्त आहे. ज्यांनी उभ्या आयुष्यात संसार आणि नोकऱ्या सांभाळल्या त्यांच्या हाती खडू देऊन वर टाळ्या वाजवणे हा त्यांचा अपमान आहे. पण त्यावरून उपक्रमच नकोत हा निष्कर्ष मला मान्य होत नाही, आणि याचे कारण मी पाहिलेला काटेरी हलवा आहे.

या संकुलातल्या ८४ वर्षांच्या एक आजी कोणत्याच कार्यक्रमाला येत नसत. एका जानेवारीत, तिथे काम करणाऱ्या मावशींच्या नातवाचे बोरन्हाण होते आणि बाजारातला हलवा फार महाग पडतो, असे बोलणे जेवणघरात निघाले. आजींनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच परात मागितली. गॅसवर नको, निखाराच हवा, असा त्यांचा हट्ट होता. व्यवस्थापनाने बऱ्याच चर्चेनंतर मागच्या उघड्या ओट्यावर कोळशाची शेगडी लावू दिली. परातीत तीळ घ्यायचे, पाक चमच्या-चमच्याने सोडायचा आणि ताव अगदी मंद ठेवून बोटांनी हलवत राहायचे. एक थर सुकल्याशिवाय दुसरा चमचा घालायचा नाही. हवा कोरडी आणि थंड असेल तरच काटा चांगला धरतो, ढगाळ दिवशी दाणे नुसते चिकटतात, म्हणून हे काम हिवाळ्याचेच. चार दिवस रोज दहा ते बारा त्या तिथे बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी आणखी दोन परातींभोवती पाच जणी होत्या, आणि निवृत्त अभियंते असलेले एक आजोबा पाकाची तार पाहण्याची जबाबदारी घेऊन उभे होते. बोटे दुखली की परात दुसरीकडे जाई. शेवटच्या दिवशी बाळाचा मुकुट आणि हार ओवताना त्या आजी इतरांच्या चुका इतक्या परखडपणे दाखवत होत्या, की त्या वर्षभर गप्प असत यावर माझा विश्वास बसेना.

त्या हलव्याची कोणीतरी खरोखर वाट पाहत होते, म्हणून त्या आल्या. रंगवलेल्या कागदाची वाट कोणीच पाहत नसते. माझ्या लेखात मी चौदा उपक्रमांची यादी दिली आणि हा फरक कुठेही सांगितला नाही, हा त्या लेखाचा मोठा दोष आहे. भोगीच्या भाजीसाठी उन्हात बसून पावटे-वाटाणे सोलायला हात हवे असतात. ते काम स्वयंपाकघराने खरेच रहिवाशांवर सोपवले पाहिजे, नुसते दाखवण्यापुरते नाही. १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव जेव्हा रात्रभर चालत असे, तेव्हा घोंगडी पांघरून तो ऐकलेली माणसे या संकुलांमध्ये आहेत. त्यांना आता रात्रीच्या थंडीत नेणे कठीण आहे. पण दुपारी चारला एखादे ध्वनिमुद्रण लावून त्यांनाच त्या रात्रींबद्दल बोलायला सांगितले, तर तरुण कर्मचारीसुद्धा थांबून ऐकतात.

फोटोंबद्दल आपण म्हणता ते योग्य आहे. प्रत्येक वेळी त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तो काढू नये आणि पाठवू नये. नको म्हणणाऱ्याला पुन्हा आग्रह करू नये, हेही मान्य. बंद दाराच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आपण जवळची व्यक्ती म्हणून पाहावी. आई आपल्या मर्जीने वाचत, जप करत आत बसल्या असतील तर त्यांना तसेच राहू द्यावे. पण जेवण कमी झाले, तहान लागत नाही म्हणून पाणी सुटले, बोलणे अडखळू लागले किंवा दिवसभर गुंगी राहू लागली, तर वयावर किंवा स्वभावावर न ढकलता लगेच डॉक्टरांना दाखवावे. उतारवयात शरीराचे तापमान खाली गेल्यानेही अशी लक्षणे दिसतात, आणि खोलीत बसलेल्या माणसालाही ते होऊ शकते.

आई तीस वर्षे शाळेत गणित शिकवत होत्या, असे आपण ओघात लिहिले आहे. दहावीची परीक्षा हिवाळा संपता संपता येते, आणि त्यांच्या संकुलात काम करणाऱ्यांपैकी कोणाचे तरी मूल या वर्षी दहावीला असण्याची शक्यता आहे. व्यवस्थापनाकडे न जाता आपण आधी आईंनाच विचारावे. त्या नाही म्हणाल्या तर विषय तिथेच सोडावा, आणि पुढच्या भेटीत साडेनऊनंतर दोन खुर्च्या उन्हात टाकून त्यांच्याबरोबर चहा घ्यावा. हो म्हणाल्या तर कोणत्या धड्यापासून सुरुवात केली ते मला अवश्य कळवावे; आईंची हरकत नसेल तरच.