मोडायला गेलं तर काय येतंय?

आमच्या उदगीरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय. भाचीनं नोकरी सोडली आणि ती संभाजीनगरात बिदरीची, म्हणजे काळ्या जस्तात चांदीची नक्षी बसवलेली, कानातली, पदकं घडवून विकतेय. थोरल्या आत्याचा आक्षेप एवढाच: "जस्ताचं कानातलं अन् दोन हजार? मोडायला गेलं तर काय येतंय?"

मी राहते बर्मिंगहॅमला. इथल्या ज्वेलरी क्वार्टर या दागिने घडवणाऱ्यांच्या भागात एकेकट्यानं कामाच्या बाकावर बसून घडवणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्याकडं घडणावळीवर कुणी घासाघीस करत नाही. सोन्या-चांदीची शुद्धता तपासणारं इथलं पारख कार्यालय 1773 पासूनचं. एक ग्रॅमच्या वरच्या सोन्यावर शुद्धतेच्या शिक्क्याबरोबर दागिना पाठवणाऱ्याची आद्याक्षरंही लागतात. ती पुष्कळदा कंपनीचीच असतात, पण बाकावरची एकटी बाईसुद्धा स्वतःची अक्षरं नोंदवू शकते. आपल्याकडं 2021 पर्यंत हॉलमार्कच्या चार खुणांत निदान सराफाची एक खूण असायची. आता तिच्या जागी सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आला. ज्यानं घडवलं त्या कारागिराची खूण तेव्हाही नव्हती, आताही नाही.

हे ग्रुपवर लिहिलं तर वहिनीचं उत्तर आलं, "तिकडं नऊ कॅरेटला सोनं म्हणतेत म्हणं." म्हणतात खरं. शंभरात साडेसदतीस भाग सोनं. माझी आई त्याला पितळ म्हणाली असती.

आणि आत्याचंही खोटं नाही. 1972 च्या दुष्काळात आजीच्या पाटल्या मोडल्या, त्यावर घर तरलं. इथल्या कारागिराच्या गिऱ्हाइकाला पेन्शन आहे, फुकट दवाखाना आहे, म्हणून त्याला दागिना नुसता दागिना म्हणून घेता येतो. आपल्याकडं तोळा हाच विमा होता. त्यामुळं 'परदेशात बघा कलेची किती कदर' हे मला म्हणवत नाही.

पण कानातल्याच्या किमतीत विमा शोधायचा नसतो, हेही आत्याला कुणीतरी सांगायला हवं. बिदरीत जस्ताचे सोळा भाग, तांब्याचा एक. ओतलेला तुकडा कानशीनं घासायचा, मोरचुदानं तात्पुरता काळा करून नक्षी कोरायची, त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर कालवलेल्या गरम पाण्यात टाकलं की जस्त काळंकुट्ट होतं, चांदी मात्र तशीच लखलखते. ही माती जुने कारागीर जिभेला लावून पारखतात. आणि बिदर आम्हाला परकं कसं? 1956 पर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं.

भाचीवर मात्र माझा एक राग आहे. तिच्या प्रत्येक डबीत चिठ्ठी: 'अजिंठ्यापासून प्रेरित'. इथंही तेच, फक्त अजिंठ्याऐवजी कुंपणावरच्या बेरी आणि समुद्राचे शिंपले. अगं, आपल्या सोनारांनी बोरमाळ केली ती बोरं बघून, जोंधळी पोत केली ती शेतातला दाणा बघून. त्यांना चिठ्ठी लागली नाही, कारण गळ्यात घालणारीनंच जोंधळा खुडलेला असायचा. अजिंठ्यातल्या पद्मपाणीचा मुकुट शंभरजणी काढतील. आपल्या घरात कणसं होती, ती काढ.

तिनं काढली. पहिल्या जोडीचा फोटो ग्रुपवर टाकला. मागच्या बाजूला मी सुचवलेली तिची दोन आद्याक्षरंही कोरली होती. किमतीवर कुणी अक्षर काढलं नाही. आत्यानं फोटो मोठा करून पाहिला असणार, कारण अर्ध्या तासानं तिचा आवाजी निरोप आला: "दाणे इतके इरळ कुठं असतेत गं? हे पाऊस न झालेलं कणीस हाय. दाट कर."

भाची आता दुसरा साचा करतेय.