९८ टक्के चांगले शेरे असले, म्हणून नाणं खरं ठरत नाही

जुनी नाणी, घड्याळं, हिमरू शाली यांची खरेदी-विक्री चालते त्या गटांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो: "ऑनलाइन हर्राशीत विक्रेत्याला ९८ टक्क्यांच्या वर चांगले शेरे असतील तर डोळे झाकून बोली लावा. बोली लावणारे जास्त, म्हणजे भाव खरा. वाईट शेऱ्याच्या धाकाने विक्रेता सरळ वागतो. आणि एकदा ओळख पटली की साइटबाहेर पैसे द्या, कमिशन वाचतं." यातली पहिली तीन वाक्यं अर्धवट आहेत. चौथं मात्र थेट खड्ड्यात घालणारं आहे.

आधी तो ९८ चा आकडा. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या अमेरिकी संशोधकांनी ईबे या ऑनलाइन हर्राशीच्या साइटवरच्या १९९९ च्या व्यवहारांचा अभ्यास केला होता. त्यात सुमारे ५२ टक्के खरेदीदारांनी शेरा दिला, आणि दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले निघाले. सगळा वर्गच नव्याण्णव गुण घेत असेल तर ९८ वाला हुशार कसा म्हणायचा? उरलेले ४८ टक्के तर काही बोललेच नाहीत. "जाऊ दे, दोनशे रुपयांसाठी कुठं भांडायचं" म्हणणारे त्यांच्यातच असतात.

टक्क्यापेक्षा संख्या बघा. एकही वाईट शेरा नसेल तर ३ ला शेऱ्यांच्या संख्येने भागायचं. संख्याशास्त्रातला हा जुना ढोबळ नियम आहे. २० पैकी २० चांगले असले तरी खराब व्यवहारांचं खरं प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३०० पैकी ३०० असतील तर ते १ टक्क्यावर येतं. म्हणजे '१०० टक्के' लिहिलेले हे दोन विक्रेते एका मापाचे नाहीत.

त्याहून मोठा प्रश्न, शेरे मिळाले ते कशावर? वीस-पन्नास रुपयांची चालू काळातली नाणी विकून कुणीही चारशे चांगले शेरे जमवू शकतो. मग एक दिवस तोच निजामाचा चारमिनार छाप हाली रुपया, म्हणजे हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया, मांडतो. आधीचे चारशे शेरे पाकीट वेळेत आलं, नीट बांधलेलं होतं एवढंच सांगतात. शेरा पाकीट फोडल्या दिवशी पडतो. नाणं बनावट आहे हे दोन वर्षांनी सराफाच्या काट्यावर कळतं. तोवर पाच तारे देऊन झालेले असतात. म्हणून विक्रेत्याच्या यादीत जाऊन मागच्या सहा महिन्यांत त्याने याच किमतीचा, याच जातीचा माल विकलाय का, ते तपासा.

आणि माल स्वतः मोजा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या चारमिनार रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. अस्सल नाण्याला आकडा १.१० च्या आसपास येतो, ११.१८ ला त्याने भागलं की साधारण १०.२, ही त्या धातूची घनता. तांबं-निकेलच्या नकलेला तेवढ्याच वजनाला १.२५ च्या आसपास येईल, पितळेला १.३० च्या वर. झिजलेलं नाणं हलकं भरतं, पण भागाकार तोच राहतो. हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा फुगतो, म्हणून नाणं आधी ओलं करून घ्या. चांदीतच पाडलेली नक्कल मात्र इथे पकडली जात नाही. तिथे कड आणि अक्षरं बघणारा जाणकारच लागतो. बोलीआधी विक्रेत्याकडे काट्यावरचा आणि कडेचा फोटो मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

दुसरा मुद्दा बोलींचा. लातूरच्या बाजारात सोयाबीनची हर्रास होते तेव्हा कोण कुणाचा माणूस, ते आडतीवरच्या हमालालाही ठाऊक असतं. ऑनलाइन मात्र नावाच्या जागी दोन अक्षरं आणि फुल्या. विक्रेत्याचाच माणूस भाव चढवत असेल तर खुणा दिसतात: एकच खातं याच विक्रेत्याच्या मालावर बोली लावतं, कधी जिंकत नाही, बोली मागे घेतं, 'विकला गेलेला' माल आठवड्यात पुन्हा यादीत येतो. मग निरोप येतो, "पहिल्या गिऱ्हाइकाने घेतलं नाही, तुमच्या भावाने देतो." आपोआप बोलीत तुम्ही कमाल आकडा भरता आणि साइट गरजेपुरतीच बोली वाढवते. त्यात तुम्ही कमाल ५,००० भरले आणि दुसऱ्याचे ३,२०० असले, तर शंभराच्या टप्प्याने तुम्हाला ३,३०० ला मिळायला हवं. मधला खोटा माणूस तुमची कमाल चाचपत वर नेतो. कमाल आकडा आधी ठरवून शेवटच्या मिनिटात भरला की त्याला वाव उरत नाही. पण शेवटच्या बोलीनंतर वेळ वाढवणाऱ्या साइटवर ही युक्ती चालत नाही.

वाईट शेऱ्याचा धाक? ईबेने १९९६ मध्ये शेरे सुरू केले तेव्हा दोघंही एकमेकांना देऊ शकत. झालं उलटंच: विक्रेता सूड म्हणून वाईट शेरा देईल या भीतीने खरेदीदारच गप्प बसू लागले. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घ्यावा लागला. शिवाय बदनाम खातं टाकून नवं उघडायला कितीसा वेळ लागतो?

राहिलं साइटबाहेर पैसे देणं. यात कमिशन बहुधा विक्रेत्याचं वाचतं, आणि परतीचा हक्क तुमचा जातो. साइट सरळ सांगते, व्यवहार आमच्याकडे झालाच नाही. 'ट्रॅक्टरवाल्या ५ च्या नोटेला लाखो रुपये' म्हणत आधी नोंदणी फी मागणारे याच वाटेने येतात. अशा सौद्यांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यावर कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. पैसे 'मिळण्यासाठी' यूपीआय पिन मागितला तर फोन ठेवून द्या. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येते. माल खोटा आला तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण व्हायला हवं. नाही झालं तर १९१५, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ग्राहक आयोगात दावा लावायचा तर विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. हिंगोलीचा ग्राहक हिंगोलीत लावू शकतो. सोबत यादीच्या पानाचे स्क्रीनशॉट, यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि पाकीट फोडतानाचा व्हिडिओ लागेल. तो सीलबंद पाकिटापासून नाणं काट्यावर ठेवेपर्यंत मध्ये न तोडता घेतलेला हवा.