गाडी कुणाची ते नको, सांडपाणी कुठं जातं ते विचारा

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो काउंटीत, शहराच्या हद्दीबाहेरच्या ज्या वस्तीत मी राहते, तिथं घरच्या गॅरेजात गाडी दुरुस्त करायचे नियम लिहून ठेवलेले आहेत. ऑइल-फिल्टर बदलणं, ब्रेकचे पार्ट घालणं, पंक्चर काढणं, ग्रीसिंग, बारीकसारीक ट्यूनिंग चालतं. मोठी दुरुस्ती राहत्या वस्तीत चालत नाही. बारीक कामांनाही तीन अटी आहेत. साध्या घरात सहसा नसतात अशी हत्यारं वापरायची नाहीत. त्या घरात न राहणाऱ्या माणसाच्या नावावरची गाडी घ्यायची नाही. आणि बंदिस्त गॅरेजच्या बाहेर काम करून गाडी चोवीस तासांहून जास्त खोलून ठेवायची नाही.

हे सगळं मी परत वाचून काढलं ते कोल्हापुरामुळं. माझ्या माहेरच्या कॉलनीत एका पोरानं घराच्या खालच्या पार्किंगमध्ये गाड्या दुरुस्त करायला सुरुवात केली आहे. डिप्लोमा झालाय, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात काही वर्षं काढलीत, हात चांगला आहे. घर वडिलांचं, स्वतंत्र, दोन मजली. आधी ओळखीतल्या गाड्या यायच्या, आता बाहेरच्याही येतात, आणि त्यावरून कॉलनीत दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, राहत्या वस्तीत धंदा नको, महापालिकेत अर्ज देऊन बंद पाडा. दुसरा म्हणतो, पोरगं कष्टानं चार पैसे मिळवतंय, त्याच्या पोटावर पाय देऊ नका. माझे काका पहिल्या तटात. त्यांनी मला फोनवर विचारलं, "तुमच्या अमेरिकेत असलं खपवून घेतात काय गं?"

नाही, खपवून घेत नाहीत. पण एवढ्यावर मी त्यांच्या अर्जाच्या बाजूनं उभी राहणार नाही. इथल्या पद्धतीत जे चांगलं आहे ते काकांना दिसत नाही, आणि जे त्यांना हवंय ते मला इथं रोज खटकतं.

आधी चांगलं सांगते. आमचं गॅरेज साधारण वीस बाय वीस फुटांचं. कोपऱ्यात गॅसचा वॉटर हीटर आहे, तो चौथऱ्यावर चढवलेला, म्हणजे त्याची ज्योत जमिनीपासून अठरा इंचांच्या वर राहते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत पसरते आणि ज्योतीला भिडली की भडका उडतो. गॅरेजातून घरात जायचं दार जाडजूड आहे आणि उघडलं की आपोआप मिटतं. आग लागली तर घरातल्यांना बाहेर पडायला वेळ मिळावा आणि गाडीचा धूर आत शिरू नये म्हणून. इथं पेट्रोल असणार, इंजिन सुरू होणार, हे घर बांधतानाच धरलेलं आहे. माझ्या गाडीचं ऑइल आणि ब्रेक पॅड मीच बदलते. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून पार्टच्या दुकानात नेते. तिथला माणूस ते मागच्या टाकीत रिकामं करून कॅन परत देतो, एक पैसा घेत नाही. रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या तोंडांवर लिहिलेलं असतं की इथं काही ओतू नका, हे पाणी थेट नदीला जातं.

कोल्हापूरनं उचलायचं तर हे उचलावं. ती "गाडी कुणाची" वाली अट उचलू नये.

आमच्या रस्त्यावर एक निवृत्त मेकॅनिक आहेत, युक्रेनमधून आलेले. या भागात त्या बाजूची पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांच्या गॅरेजची फरशी आमच्या स्वयंपाकघरासारखी लख्ख असते, गाडीखाली ट्रे सरकवल्याशिवाय ते पाना हातात घेत नाहीत. शेजारणीचे ब्रेक वाजत होते, ते त्यांनी बदलून दिले, पण शटर अर्धं ओढून. तीच गाडी त्यांच्या नावावर असती तर काही अडचण नव्हती. पॅड तेच, धूळ तीच, आवाज तोच, आणि केवळ आरसी बुकावर दुसऱ्याचं नाव म्हणून नियमभंग. हत्यारांची अट तर त्याहून संदिग्ध. चाकाचे नट नेमक्या जोरानं आवळायला टॉर्क पाना लागतो, तो साध्या घरात कुठं असतो? जो माणूस काळजीनं काम करतो, हत्यारं जमवतो, त्याच्यावरच या अटीची नजर जाते.

याची किंमत कोण मोजतं ते मी इथं बघते. धंदेवाईक गॅरेजात मजुरी तासाला दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात आहे. नवीन आलेलं कुटुंब, दोघंही दोन टोकांना कामाला, बस तासातून एखादी. असं घर ब्रेक वाजायला लागले की पुढच्या पगारावर ढकलतं, मग त्याच्या पुढच्या. वस्ती शांत राहते, पण घासलेल्या ब्रेकची गाडी शाळेसमोरून जात राहते. काकांना हवी असलेली शांतता अशी येते.

आणि हेच राज्य गरज पडली की गॅरेजकडं वेगळ्या नजरेनं बघतं. घरांची टंचाई हाताबाहेर गेली तेव्हा कॅलिफोर्नियानं कायदे बदलले. गॅरेजचं छोटं स्वतंत्र घर करता येतं आणि २०२० पासून त्यापायी गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरं पार्किंग द्या, असं स्थानिक प्रशासनाला म्हणता येत नाही. राहण्यासाठी जी मोकळीक दिली, ती हाताच्या कामासाठी अटी घालून द्यायला काय हरकत आहे, याचं उत्तर मला इथं कुणी दिलेलं नाही.

आता कॉलनीकडं वळते, आणि दुसऱ्या तटाशीही माझं भांडण आहे.

जळकं ऑइल कोल्हापुरात सहसा गटारात ओतत नाहीत, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. भंगारवाला नेतो, बांधकामवाले सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला नेतात. पण २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि तो नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियेवाल्याकडंच जायला हवा. १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या तेलाची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे त्या पोरानं बॅरल भरून ठेवला तर तो योग्य ठिकाणी जावा यासाठी कंपन्यांकडं तगादा लावता येईल. कॉलनीनं तो लावावा.

खरी घाण ऑइलपेक्षा दुसरीकडं आहे. पार्ट डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुतात ते पाणी, फरशी धुतलेलं पाणी, आणि रेडिएटरमधून काढलेला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. हे सगळं बिनधास्त गटारात जातं, गटार नाल्यात, नाला पंचगंगेत. जयंती नाल्याचं पाणी नदीत मिसळतं म्हणून आपण किती वर्षं ओरडतोय! तेलकट पाण्याला उपाय सोपा आहे. विटांची तीन कप्प्यांची टाकी बांधायची, एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी तळाकडून न्यायचं. तेल वर तरंगत राहतं, ते काढून बॅरलमध्ये टाकायचं. गवंड्याचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. कूलंटला मात्र ही टाकी उपयोगाची नाही, तो पाण्यात पूर्ण विरघळतो. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोडसर आणि विषारी. गल्लीतलं कुत्रं चाटून मरतं. तो वेगळ्या कॅनमध्ये, झाकण लावून, लहान पोरांच्या हाताला लागणार नाही असाच ठेवायला हवा. कॉलनीच्या बैठकीत आवाजावर तासभर चर्चा झाली म्हणे. कूलंटचा विषय कुणी काढला नाही.

डेंटिंग-पेंटिंगला मी ठाम नाही म्हणते. हल्लीच्या टू-पॅक रंगात जे हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. बंदिस्त बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसताना ते फवारलं तर फवारणाऱ्याला कायमचा दमा लागू शकतो, आणि वरच्या मजल्यावर त्याची स्वतःची आई राहते. इथं पोटाचा प्रश्न मला सांगू नका.

रस्त्याचंही तेच. कॉलनीचा रस्ता तीस फुटी, दोन्ही बाजूंना आधीच गाड्या. पार्टची वाट बघत असलेली गाडी आठवडाभर शेजाऱ्याच्या फाटकासमोर उभी राहत असेल तर चिडणाऱ्या शेजाऱ्याला जळकुटा म्हणणं हा अन्याय आहे. गाडी घेण्याआधी पार्किंगची जागा दाखवा, असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक २०२५ मध्ये बोलले तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. मग दुरुस्तीला आलेल्या गाडीलाही जागा दाखवायला हवी, आणि ती फाटकाच्या आत.

अपार्टमेंटचा प्रश्न वेगळा आहे, तो यात मिसळू नये. मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, ती सगळ्यांची सामायिक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. सामायिक जागेत एकट्याचा धंदा नको, हे त्यातून ओघानंच येतं. स्वतःच्या फाटकाच्या आतलं स्वतंत्र घर ही निराळी गोष्ट, आणि मी बोलते ती फक्त त्याबद्दल.

या पोरासाठी मी एवढी का बोलते, असं काकांनी विचारलं. कारण असे हात गेले तर आपण कंपनीच्या काउंटरवरच अडकणार. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणानं मिळत नाही म्हणून. दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, त्यात वाहनंही आहेत. पण हक्क कागदावर असून भागत नाही, तो बजावायला कंपनीबाहेरचा मेकॅनिक जिवंत असावा लागतो. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यापासून नुसत्या कानानं इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीचं काम अवघड झालंय. या पोरानं कर्ज काढून गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर घेतलाय. घरभाडं नाही म्हणूनच तो हप्ता त्याला झेपतो. पहिल्या दिवसापासून गाळ्याचं भाडं मागितलं तर तो परत सर्व्हिस सेंटरात नोकरीला जाईल आणि स्कॅनर विकेल.

आणखी एक गोष्ट इथून घेण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्यानं वाहन दुरुस्तीवर देखरेख करणारं सरकारी खातं उभं राहिलं. धंदा म्हणून दुरुस्ती करणाऱ्यानं तिथं नोंदणी करायची, कामाआधी लेखी अंदाज द्यायचा, गिऱ्हाइकाची संमती घ्यायची, आणि गिऱ्हाइकानं आधी सांगितलं असेल तर काढलेले जुने पार्ट त्याला परत द्यायचे. यातलं अंदाज लिहून देणं आणि जुने पार्ट पिशवीत घालून देणं, हे त्या पोराला कुठल्याही खात्याशिवाय उद्यापासून करता येईल. गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल, आणि शेजाऱ्यांनाही दिसेल की इथं चोरीछुपं काही चालत नाही.

काकांना मी सांगितलंय की अर्ज जरूर द्या, पण बंद पाडण्याचा नको. एका वेळी दोनच गाड्या, दोन्ही फाटकाच्या आत. रात्री आठनंतर हातोडा-कॉम्प्रेसर बंद. तीन कप्प्यांची टाकी, ऑइलचा बॅरल, कूलंटचा कॅन, आणि अग्निशामक सिलिंडर भिंतीला टांगलेला. दरवर्षी वॉर्ड ऑफिसच्या माणसानं येऊन बघायचं, अटी मोडल्या तर परवाना रद्द. अशा अटींसह परवाना द्या, अशी मागणी असेल तर आमच्या घराची सही आई करेल. काका अजून कबूल झालेले नाहीत. त्यांना वाटतं एकदा सूट दिली की प्रत्येक पार्किंगमध्ये गॅरेज निघेल. ही भीती खोटी नाही, म्हणूनच परवाना घराला नव्हे, काम करणाऱ्या माणसाच्या नावावर असावा असं माझं मत आहे.

त्या पोरालाही निरोप पाठवलाय. डेंटिंग-पेंटिंगची कामं घ्यायची असतील तर त्यासाठी उद्यमनगरात गाळा बघ, घरात ते चालणार नाही. गाळ्याचं डिपॉझिट जमवायला कॉलनीनं हातभार लावावा असं मी आईकरवी सुचवलंय, आणि माझा वाटा मी इथून पाठवते.